बोटीवर सॅटेलाइट टीव्ही: डिश निवडण्यापासून चित्र दिसेपर्यंत

बोटीवर टीव्ही लावायचं मनात आलं की बहुतेक जण लगेच डिश शोधायला लागतात. केवढी घ्यावी, आपोआप फिरणारी घ्यावी की हाताने फिरवायची, टपावर बसवावी की सुटी ठेवावी. माझी विनंती आहे की खरेदीआधी एकाच प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्या: तुम्ही टीव्ही पाहता तेव्हा तुमची बोट काय करत असते? धक्क्याला बांधलेली असते, नदीकाठी खुंट्याला असते, नांगरावर डोलत असते, की चालू असते? या उत्तरावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. मी पाहिलेल्या फसलेल्या खरेदींपैकी बहुतेक इथेच फसल्या होत्या.

कारण समजून घेतलं की निवड सोपी होते. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर त्यांची फेरी आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं एकाच वेगाने होतं, म्हणून ते आपल्याला आकाशात एका जागी खिळलेले दिसतात. त्यांच्याकडून येणारा कू बँडचा, म्हणजे सॅटेलाइट टीव्हीच्या लहरींच्या पट्ट्यातला, सिग्नल फार क्षीण असतो. डिश तो गोळा करून समोरच्या एलएनबीवर, म्हणजे दांडीच्या टोकाला बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर, एकवटते, पण त्यासाठी तिला अगदी नेमकं उपग्रहाकडे पाहावं लागतं. 60 सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम 3 अंश रुंद असते. हात पुढे लांब करून दोन बोटं जोडून धरलीत तर ती साधारण तेवढी जागा झाकतात. आकाशातल्या दोन बोटांएवढ्या त्या तुकड्यातून उपग्रह बाहेर गेला की चित्र गेलं.

आता नांगरावरची बोट आठवा. वारा फिरला की ती 30-40 अंश सहज झुलते, प्रवाह उलटला तर पूर्ण तोंड फिरवते. लहान बोटीत एखादा माणूस या कडेवरून त्या कडेला गेला तरी दोन-तीन अंशांचा कल येतो. म्हणजे डेकवर घट्ट बसवलेली साधी डिश नांगरावर चालणार नाही. ती कितीही महाग असली तरी नाही.

कोणत्या बोटीला काय

धक्क्याला किंवा काठाला बांधून टीव्ही पाहणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगला उपाय सगळ्यात साधाही आहे: तिवईवरची सुटी डिश, आणि ती बोटीवर न ठेवता जमिनीवर किंवा जेटीवर. जमीन हलत नाही. जोडीला लांब केबल असली तर झाड किंवा शेजारची बोट आड आल्यावर तिवई उचलून चार पावलं सरकवता येते. नवख्या माणसाला मी हीच घ्यायला सांगतो. तरंगती जेटी थोडी हलते, पण सहसा चालून जातं. जेटीवर वाट मात्र मोकळी ठेवा. अंधारात केबलला पाय अडकून माणूस पाण्यात पडू शकतो.

छताला किंवा काचेला सक्शन कपने चिकटणाऱ्या, किंवा कठड्याला क्लॅम्पने लागणाऱ्या डिश रुंद, जड बोटीवर आणि शांत पाण्यात ठीक आहेत. कालव्यातल्या लांबट पोलादी बोटी फारशा हलत नाहीत, तिथे त्या बऱ्या. सक्शन कपवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. पृष्ठभाग पुसून कोरडा करा आणि डिशला एक बारीक दोर बांधून तो कठड्याला अडकवा. रात्री गारठ्याने कप सुटतात.

चपटे अँटेना ठेवायला सोयीचे असतात, बाकाखाली मावतात. पण चपटा आहे म्हणून त्याची नजर रुंद असते, असं नाही. त्यालाही तितकंच नेमकं लावावं लागतं.

यापुढचा फरक नीट लक्षात घ्या, कारण पैसे इथेच वाया जातात. ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुटसुटीत पेट्या आणि घुमट उपग्रह स्वतः शोधतात, हे खरं. बटण दाबलं की आतली मोटर डिश फिरवते आणि थोड्याच वेळात चित्र येतं. पण शोधणं वेगळं आणि पाठलाग करणं वेगळं. यातले बहुतेक एकदा उपग्रह सापडला की स्थिर बसतात. बोट झुलली की सिग्नल जातो आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. धक्क्यावर हे सुखाचं साधन आहे, नांगरावर मनस्ताप आहे. नांगरावर किंवा चालत्या बोटीत टीव्ही हवा असेल तर सेन्सरच्या मदतीने क्षणाक्षणाला डिश सावरणारा, सागरी वापराचा स्थिरीकृत घुमटच लागतो. तो जड असतो, डेकवर किंवा खांबावर कायमचा बसवावा लागतो, सतत वीज घेतो. सुटसुटीत साधन तो राहत नाही. विकत घेताना विक्रेत्याला थेट विचारा: बोट वळत असताना चित्र टिकतं का? ‘उपग्रह आपोआप शोधतो’ हे त्याचं उत्तर नव्हे.

माझ्या मते वर्षातून चार-पाच रात्री नांगरावर काढणाऱ्याने घुमटाच्या मागे लागू नये. मोबाइलचं नेटवर्क असेल तिथे इंटरनेटवरून पाहावं, नसेल तिथे आधी उतरवून ठेवलेलं पाहावं.

आकार, झोत आणि एलएनबी

मोठी डिश जास्त सिग्नल गोळा करते. 80 सेंटिमीटरची डिश 40 सेंटिमीटरच्या डिशच्या चौपट गोळा करते, त्यामुळे जोराच्या पावसातही चित्र जास्त वेळ टिकतं. पण आकार वाढला की नजर अरुंद होते: 40 सेंटिमीटरला सुमारे साडेचार अंश, 80 ला सव्वादोन. त्यातून मोठी डिश म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. तिवईसाठी 60 सेंटिमीटर हा मला पटलेला मध्य आहे.

मात्र त्याआधी झोताचा नकाशा पाहा. प्रत्येक उपग्रह आपला सिग्नल ठरावीक प्रदेशावर टाकतो. मध्यावर लहान डिश पुरते, कडेला तीच निकामी होते. हे झोत जमिनीवरच्या प्रेक्षकांसाठी आखलेले असतात, समुद्रासाठी नाहीत. किनाऱ्यापासून दूर जाल तसा सिग्नल उतरतो. ब्रिटनचे चॅनेल 28.2 अंश पूर्वेच्या अॅस्ट्रा उपग्रहांवरून येतात आणि त्यातल्या बऱ्याच चॅनेलचा झोत मुद्दाम ब्रिटिश बेटांभोवती आवळलेला आहे. तिथून दक्षिणेला निघालेल्या बोटीवर काही दिवसांत तेच चॅनेल लहान डिशला मिळेनासे होतात. डिश बिघडलेली नसते, झोत संपलेला असतो.

एलएनबीही प्रदेशाप्रमाणे बदलतो. युरोपात आणि आशियाच्या बऱ्याच भागात सिग्नल उभ्या-आडव्या ध्रुवीकरणाचा असतो, म्हणजे त्याच्या लहरी उभ्या किंवा आडव्या हलतात. उत्तर अमेरिकेतल्या घरपोच सेवांचा वर्तुळाकार असतो. एकीकडचा एलएनबी दुसरीकडे लावून भागत नाही. दोन टीव्ही स्वतंत्रपणे चालवायचे असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन केबल घ्या.

रिसीव्हर, म्हणजे सिग्नल उलगडून टीव्हीला चित्र देणारा बॉक्स, डीव्हीबी-एस2 हा सॅटेलाइट टीव्हीचा सिग्नल-प्रकार चालवणारा असावा. आता अनेक लहान टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. फुकट चॅनेलच पाहायचे असतील तर असा टीव्ही घ्या, वेगळा बॉक्स, त्याची वायर आणि त्याची वीज वाचते. सशुल्क सेवेचं कार्ड नेणार असाल तर ते घराबाहेर वापरायची मुभा करारात आहे का ते आधी वाचा.

वीज आणि केबल

24 वॉटचा टीव्ही आणि 12 वॉटचा बॉक्स मिळून 36 वॉट, म्हणजे 12 व्होल्टवर 3 अँपिअर. चार तास पाहिलं तर 12 अँपिअर-तास गेले. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीतले 50 च तुमचे समजा. त्यात फ्रिज, दिवे आणि पाण्याचा पंपही आहे. या हिशोबात संध्याकाळचा टीव्ही बसतो, रात्रभर चालू ठेवलेला बसत नाही.

टीव्ही थेट 12 व्होल्टवर चालणारा घ्या; इन्व्हर्टरमधून नेलं तर काही वीज फुकट जाते. आणखी एक खबरदारी घ्या. इंजिन किंवा चार्जर चालू असताना ‘12 व्होल्ट’ची बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत चढते. टीव्हीच्या पाठीवर नेमकं 12 व्होल्टच लिहिलेलं असेल तर मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारं उपकरण बसवा. प्रत्येक जोडणीला स्वतःचा फ्यूज हवाच.

केबल 75 ओहमची, आरजी6 प्रकारची, तांब्याच्या गाभ्याची घ्या. या केबलमधून सिग्नल खाली येतो आणि त्याच केबलमधून रिसीव्हर एलएनबीला वीज पाठवतो: उभ्या ध्रुवीकरणासाठी 13 व्होल्ट, आडव्यासाठी 18. बोटीत आधीपासून भिंतीत साध्या अँटेनाचं सॉकेट असेल तर डिश त्यातून जोडू नका. वाटेतला अॅम्प्लिफायर किंवा स्प्लिटर बहुधा ही वीज अडवतो, आणि डिशच्या 950 ते 2150 मेगाहर्ट्झच्या सिग्नलसाठी तो बनवलेलाही नसतो. सरळ वेगळी केबल ओढा.

उघड्यावरच्या प्रत्येक जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल आणि केबलवरून आत येणार नाही. खारं पाणी एकदा केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत शिरलं की ती आतून हिरवी पडत जाते. बाहेरून केबल धडधाकट दिसते आणि चित्र रोज थोडं थोडं बिघडत जातं.

डिश लावणं

बाहेर पडण्याआधी त्या दिवशीच्या ठिकाणाचे तीन आकडे काढा: उपग्रहाची दिशा, त्याची क्षितिजापासूनची अंशांतली उंची आणि एलएनबीचा कल, ज्याला स्क्यू म्हणतात. उपग्रहाचं नाव आणि तुमचं ठिकाण दिलं की फोनवरची अॅप हे सांगतात. काही अॅप कॅमेऱ्यातून पाहताना उपग्रह कुठे आहे तेही दाखवतात, आणि झाडं टाळायला त्याहून चांगलं साधन नाही. बोटीने मोठा पल्ला गाठला की हे आकडे बदलतात. उपग्रह तुमच्याच रेखांशावर असेल तर 20 अक्षांशावर त्याची उंची सुमारे 66 अंश असते, 40 वर 44 आणि 60 वर फक्त 22. विषुववृत्तापासून दूर जाल तसा तो क्षितिजाकडे उतरतो आणि अडथळे वाढतात.

1. जागा. उपग्रहाच्या दिशेला आकाश मोकळं हवं. उंची 30 अंश असेल तर डिशपेक्षा 10 मीटर उंच झाड 17 मीटरच्या आत असता कामा नये. पानांमधून फटी दिसतात म्हणून सिग्नल येईल असं समजू नका, ओली पानं तो गिळून टाकतात. भरती-ओहोटीच्या बंदरात डिश डेकवर ठेवणार असाल तर ओहोटीला बोट धक्क्याच्या भिंतीखाली जाईल का, तेही पाहा.

2. तिवई. ती रोवून उभा खांब पाणसळीने अगदी सरळ करा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण खांब तिरका असेल तर डिशवरची उंचीची मोजपट्टी खोटी ठरते आणि मग तासभर शोधलं तरी उपग्रह सापडत नाही. तिवईच्या मध्याला पाण्याने भरलेली पिशवी लटकवा. एकदा शांत संध्याकाळ पाहून मी ती लटकवली नव्हती. पहाटे वारा उठला आणि डिश एलएनबीसकट पाण्यात गेली. तेव्हापासून पिशवी आधी, डिश नंतर.

3. केबल. रिसीव्हर बंद ठेवूनच जोडा. केबलमध्ये वीज असते. जोडताना मधली तार जाळीला टेकली तर रिसीव्हरचा तो भाग जळू शकतो.

4. उंची आणि स्क्यू. दोन्ही आकडे मोजपट्टीवर आधी लावा आणि पेच हलके आवळा. साध्या गोलसर डिश बहुतेक ऑफसेट असतात: एलएनबी खालून तिरपा पाहतो, आणि डिश दिसते त्यापेक्षा 20-25 अंश वर पाहत असते. उपग्रह 30 अंशांवर असला तरी डिश जवळजवळ उभी दिसते. नवखे लोक हे पाहून घाबरतात आणि ती आकाशाकडे वळवतात. तसं करू नका, मोजपट्टीवर विश्वास ठेवा.

स्क्यू कोणत्या बाजूला, हा गोंधळ कायमचा मिटवायचा तर आकाशातली कमान डोळ्यांसमोर आणा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलं की उपग्रहांची रांग मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना उतरती दिसते. एलएनबीने त्या कमानीच्या उताराबरोबर कलायचं. म्हणून डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे पाहताना, उपग्रह दक्षिणेच्या पश्चिमेला असेल तर एलएनबी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवा, पूर्वेला असेल तर उलट. दक्षिण गोलार्धात तोंड उत्तरेकडे असतं, तिथे हे अगदी उलटं. वर्तुळाकार ध्रुवीकरण असेल आणि एकच उपग्रह हवा असेल तर स्क्यूचा प्रश्नच नाही.

5. दिशा. होकायंत्र वापरताना पोलादी बोट, इंजिन आणि तिवईपासून काही पावलं दूर उभे राहा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, अॅपमधला आकडा बहुधा खऱ्या उत्तरेपासून असतो. काही ठिकाणी हा फरक 10 अंशांहून जास्त असतो. ऊन असेल तर होकायंत्र बाजूलाच ठेवा. सूर्य उपग्रहाच्याच दिशेला कधी येतो ती वेळ अॅपमध्ये पाहा. त्या मिनिटाला एलएनबीच्या दांडीची सावली डिशच्या मधल्या उभ्या रेषेवर पडेल अशी डिश फिरवा. दिशा जमली, आणि लोखंडाचा काही संबंध आला नाही.

6. शोध. रिसीव्हर सुरू करून सिग्नलचा पडदा उघडा आणि त्या उपग्रहाची एखादी चालू असलेली फ्रिक्वेन्सी निवडा. पडद्यावर दोन पट्ट्या असतात. ताकदीची पट्टी काहीही ऐकून वर चढते. गुणवत्तेची पट्टी फक्त निवडलेला सिग्नल खरोखर उलगडला तरच चढते. तुम्हाला दुसरी पाहायची आहे. आता डिश फक्त आडवी फिरवा, एका वेळी एखादा अंश, आणि दर वेळी तीन सेकंद थांबा. डिजिटल रिसीव्हरला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. घाईत फिरवणारा माणूस उपग्रहावरून तीनदा जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पूर्ण पट्टा फिरूनही काही नाही मिळालं तर उंची दोन अंशांनी बदला आणि पुन्हा सावकाश फिरवा.

चिवचिवणारा लहान सॅट-फाइंडर मदत करतो, पण तो कोणत्याही उपग्रहावर तितक्याच आनंदाने ओरडतो. कोणता उपग्रह ते गुणवत्तेची पट्टीच सांगते.

7. बारकावा. चित्र आलं म्हणून सोडू नका. गुणवत्ता डावीकडे कुठे पडते आणि उजवीकडे कुठे पडते ते पाहा, डिश दोन्हींच्या बरोबर मध्ये आणा. तसंच उंचीचं करा, मग एलएनबी किंचित फिरवून पाहा. पावसातला सगळा आधार या पाच मिनिटांत मिळतो. पेच आळीपाळीने आवळा, कारण एकच पेच कसला तर डिश सरकते. शेवटी पट्टी पुन्हा पाहा.

चित्र नीट येत नसेल तर

ताकद भरपूर, गुणवत्ता शून्य: बहुतेक वेळा डिश शेजारच्या उपग्रहावर आहे. नाहीतर निवडलेली फ्रिक्वेन्सी आता बंद झालेली आहे. दुसरी घेऊन पाहा.

काही चॅनेल दिसतात, काही अजिबात नाहीत: एलएनबीला 18 व्होल्ट पोहोचत नसावेत. उतरलेली बॅटरी, लांब आणि हलकी केबल किंवा गंजलेला जोड हे नेहमीचे गुन्हेगार. आधी चार्जर लावून पाहा, मग छोट्या केबलने जोडून पाहा. चुकलेल्या स्क्यूनेही असंच होतं.

वाऱ्यात चित्र तुटतं, शांततेत नीट असतं: झाडाची फांदी, नाहीतर सैल तिवई. डेकवर असाल तर बोट बांधणारे दोरही पाहा. ढिले असतील तर बोट खेळते.

वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जातं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. काही हलवू नका, ते आपोआप परततं.

विजा चमकायला लागल्या तर मात्र वाट पाहू नका. केबल टीव्हीपासून काढा आणि वादळ सरेपर्यंत बाहेर डिशला हात लावू नका.

आवरताना

डिश खोलण्याआधी उंचीच्या आणि स्क्यूच्या खुणेवर रंगाचा बारीक ठिपका द्या. त्याच परिसरात दुसऱ्या धक्क्यावर गेलात तर निम्मं काम झालेलं असेल. खाऱ्या पाण्यात फिरत असाल तर सगळं गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, केबलच्या टोकांना टोपणं लावा.

आणि काठावर तिवई ठेवणाऱ्यांनी बोट सोडण्याच्या कामांत एक काम वाढवावं. मी ते चिठ्ठीवर लिहून सुकाणूजवळ चिकटवलं आहे: इंजिन सुरू, किनारी वीज काढली, डिश आत घेतली, मग दोर.